भिंगरीचं मत

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. रोज म्हणजे काही घडलं तर. उरल्यासुरल्या कागदांची ही वही कालच शिवली. उद्या कुणी विचारलं, अमुक दिवशी काय झालं, तर आपल्यापाशी लेखी असावं. चाळीस वर्षं कचेऱ्यांची दप्तरं बांधून देतोय, तिथं बोलणाऱ्यापेक्षा कागद दाखवणाऱ्याचं ऐकतात हे पाहिलंय.

सकाळी बालहक्क कार्यालयातून एक बाई आल्या. हातात फाइल, तोंडात साखर. मी तिचं नाव फाइलवाली ठेवलं. आमची नात भिंगरी कुठं झोपते ते पाहिलं, तिचं दप्तर कुठं असतं ते पाहिलं, मग थेट मोरीत जाऊन दात घासायचे ब्रश मोजले.

"चार ब्रश?" म्हणाली.

"चार माणसं, चार ब्रश," आमची ही म्हणाली. "कमी करायचे का?"

फाइलवाली हसली आणि ते लिहून घेतलं. ब्रशातून काय गुन्हा निघणार होता देव जाणे. पण जो माणूस विनाकारण हसतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

प्रकरण असं. आमची लेक सासरी परदेशात. जावई तिथलाच, आपली भाषा चार शब्द बोलतो, तेही उलटे. सप्टेंबरात लेक भिंगरीला घेऊन सुट्टीला म्हणून आली. दोन आठवड्यांनी म्हणाली, "बाबा, आता नाही जायचं. त्यांनीच जा म्हटलंय." मी काही विचारलं नाही. लेक घरी आली आहे, पायाशी आठ वर्षांची नात गरगर फिरतेय, अजून काय हवं माणसाला? आणि आता पाच महिन्यांनी जावयानं अर्ज ठोकलाय, की मुलीला माझ्या परवानगीवाचून देशाबाहेर ठेवून घेतलं. दोन्ही देशांनी म्हणे एका आंतरराष्ट्रीय करारावर सह्या केल्या आहेत, त्यामुळं त्याचा अर्ज तिकडच्या कचेरीतून इकडच्या कचेरीत येतो, आणि इकडची कचेरी आमच्या मोरीत.

स्वतःच जा म्हणायचं आणि वर स्वतःच अर्ज करायचा. मला यात काहीतरी डाव दिसतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

समोरच्या भिंतीपाशी एक माणूस अर्धा तास उभा. वहीत काहीतरी लिहीत होता, मधेच आमच्या खिडकीकडे बघत होता. मी माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानातून दाभण हातात घेऊनच बाहेर आलो. "कुणी पाठवलं तुला?" म्हटलं.

"वीज कंपनीनं," म्हणाला. "तुमचा मीटर वेलीच्या मागं गेलाय, दिसत नाही."

ही दारात उभी राहून पोट धरून हसत होती. हसू दे. सावध राहिलेलं बरं.

दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ बिघडलं आहे. साडेतीन तास मागे पडतं. सकाळी बरोबर लावलं, संध्याकाळी पुन्हा साडेतीन तास मागे. तेल घातलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज लेकीला बाजूला घेऊन सरळ विचारलं. आम्ही केलेला वकील म्हणतो कारण भक्कम हवं.

"हात उचलायचा का तुझ्यावर?"

"नाही बाबा."

"दारू?"

"नाही हो."

"दुसरी कुणी?"

"नाही! काहीही काय!"

"मग झालं काय?"

ती ओढणीचं टोक पिळू लागली. मग म्हणाली, "तिथं सकाळी दार लावून ते दोघं बाहेर पडले, की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. भाजीवाल्यासमोर खुणा करायच्या. मुलगीसुद्धा मला दुरुस्त करायची. तुम्हाला नाही कळायचं."

मला कळलं. तोंडातून काढता येत नाही असं काहीतरी भयंकर घडलेलं आहे, आणि पोर ते झाकून नेतेय. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जावयाला मी आता सोडणार नाही.

हिला हे सांगितलं तर ही नुसतीच पीठ मळत राहिली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फाइलवाली पुन्हा. या वेळी भिंगरीच्या शाळेतही जाऊन आली होती, बाईंना भेटली, वर्गात कुठल्या बाकावर बसते तेही विचारलं. आम्हाला न सांगता! मी जाब विचारला तर म्हणाली, "आजोबा, ते माझं कामच आहे." आणि मग मुद्द्यावर आली. वीस तारखेला भिंगरीशी तिच्या कार्यालयात बोलणार. एकटीशी.

"एकटीशी कशाला? आम्ही काय भूत आहोत?"

"मोठी माणसं खोलीत असली की मुलं त्यांच्या तोंडाकडे बघून बोलतात."

"मग तुमच्या तोंडाकडे बघून नाही बोलणार?"

"बरोबर आहे तुमचं," म्हणाली. "म्हणून मी फार कमी बोलते."

गोड बोलून गळा कापायची ही जात मी ओळखतो.

जाताना एक पुस्तिका देऊन गेली. मुलांच्या हक्कांचा जो जागतिक करार आहे, तो सोप्या भाषेत. बांधणी म्हणजे नुसती टाचण मारलेली, दोनदा उघडली की पानं हातात. मला ते बघवेना. टाचण्या काढल्या, दोऱ्यानं नीट शिवली, आणि शिवता शिवता वाचली. माझं सगळं शिक्षण असंच झालंय, चौथीनंतर हाताखालून जे पान गेलं तेवढंच.

आणि सापडलं. ज्या मुलाला स्वतःचं मत आहे, त्याला ते मोकळेपणाने मांडता आलं पाहिजे, आणि ते विचारात घेतलं पाहिजे. म्हणजे फाइलवालीच्याच पुस्तकात आमची किल्ली! मत मांडायचं, तेही मोकळेपणाने. म्हणजे मोकळ्या गळ्यानं, न अडखळता, मान वर करून. भिंगरी तर शाळेत सुद्धा शेवटच्या बाकावर पुटपुटते. नऊ दिवस हातात आहेत. तयारी करून घेतली पाहिजे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मत तयार झालं. तीनदा लिहिलं, चौथ्यांदा चांगल्या कागदावर उतरवलं. इथं नक्कल ठेवतो:

"माननीय महोदया, मी वयाने लहान असले तरी मला बरेवाईट कळते. माझे आजीआजोबा माझा जिवापाड सांभाळ करीत आहेत. या घराच्या छायेत मी सुखासमाधानाने नांदत असून येथून मी कदापि जाणार नाही. माझ्या मातेपासून माझी ताटातूट करू नये, ही नम्र विनंती."

लेकीला वाचून दाखवलं. ती रडली. म्हणजे चांगलं झालंय.

भिंगरीची तालीम दुकानातच घेतो. तिला पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर उभी करतो आणि मी दाराशी जाऊन ऐकतो, आवाज पोचतो का ते.

"आजोबा, कदापि म्हणजे काय?"

"कधीच नाही."

"मग कधीच नाही म्हणू?"

"कदापि वजनदार आहे."

"आणि नांदत?"

"राहत. पण सुखानं."

तिनं कागदावरून बोट खाली नेलं. "पप्पांचं कुठल्या ओळीत येतं?"

"पप्पांचं नाही बोलायचं."

"बरं," म्हणाली. शहाणी आहे. हट्ट म्हणून नाही करत. सप्टेंबरात आली तेव्हा नुसती दंगा करायची, आता किती समजूतदार झाली आहे!

ही चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता म्हणाली, "पोपट करून ठेवलात तिचा."

"पोपट नाही, वकील करतोय," मी म्हटलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पाठ झालं. कुठंही थांबवा, पुढचं म्हणते. काल जेवताना घास तोंडात असताना "ताटातूट" म्हणून दाखवलं.

घड्याळ पुन्हा साडेतीन तास मागे. आता खोलून आतलं सगळं बाहेर काढलं. काही दोष नाही. मला शंका येते की दुपारी मी आडवा होतो तेव्हा दुकानात कुणीतरी येतं. दूधवाल्यावर नजर ठेवायला हवी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कार्यालय पाहिलं. बाहेर बाक, आत बुटक्या खुर्च्या, रंगांचा डबा, खिडकीत रोपटं. सापळा किती सजवलेला असतो बघा. लेक घरीच थांबली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार लोटलं पण पुरतं लागलं नाही, आणि मी काही कान कापून ठेवलेले नव्हते.

भिंगरी उभी राहिली असावी, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग काय सांगू! "माननीय महोदया" पासून "नम्र विनंती" पर्यंत, एक काना मात्रा न चुकता, मोकळ्या गळ्यानं. बाहेर टाइप करणारा कारकूनसुद्धा थांबला. माझी छाती दोन बोटं फुगली.

कारकून पुन्हा टाइप करू लागला.

मग फाइलवाली हळू काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. आणि भिंगरीचा आवाज आला, एकदम तिचा नेहमीचा, पुटपुटता:

"ते पाठ नाही केलं."

एक प्रश्न सुटला! सगळी तयारी करून एक प्रश्न माझ्या ध्यानातच आला नव्हता. परत येताना रस्त्यात मी दोनदा विचारलं, काय विचारलं गं त्यांनी? दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं.

"त्या म्हणाल्या, छान म्हटलंस. आता तुला काय वाटतं ते सांग."

शनिवार, २२ फेब्रुवारी

काल एका ग्रंथालयाचं जाड पुस्तक शिवलं आणि आज ग्राहक परत घेऊन आला. मधला सोळा पानांचा गठ्ठा मी उलटा शिवला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दोन दिवस तेच वाक्य डोक्यात ठाण मांडून बसलंय. तुला काय वाटतं ते सांग. पाठ नाही केलं.

दुपारी आडवा झालो पण डोळा लागला नाही, म्हणून दुकानात आलो. भिंगरी स्टुलावर चढून घड्याळाचे काटे मागे फिरवत होती.

"तू? तू करतेस हे?"

ती दचकली. काटा हातातून सोडला नाही.

"अगं, घड्याळ चुकीचं होतं ना त्यानं."

"चुकीचं नाहीये," ती म्हणाली. "तिथलं आहे." आणि मग, मी रागावत नाही असं दिसल्यावर, काट्यावर बोट ठेवून सांगितलं, "आता पप्पा डबा खातायत. इथं आला की सायकल काढतील. इथं आला की घरी."

मी स्टूल धरून उभा राहिलो, नाहीतर ती पडली असती.

"पप्पांचा फोन येत नाही का गं?"

"आई म्हणते त्यांना वेळ नसतो."

हिला जाऊन सांगितलं. ही निवडत होती ते सूप बाजूला ठेवलं. "फोन येतो," म्हणाली. "रोज येतो. आपली लेक उचलत नाही. आणि जा म्हटलं वगैरे सगळं खोटं. त्यांची परतीची तिकिटं काढलेली होती, कपाटात आहेत. ऑक्टोबरची."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मीटरवाल्याला विचारलंत. दूधवाल्याच्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत गेलात. मला कधी विचारलंत?"

लेक भाजी घेऊन आली तेव्हा मी विचारलं. ती नाही म्हणाली नाही. पिशवी हातातच ठेवून म्हणाली, "मी परत गेले तर तिथं पुन्हा मुकी होईन, बाबा. आणि नाही गेले तर ती मला सोडून त्याच्याकडे जाईल. मी काय करायला हवं होतं?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली, एवढंच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कुणालाही न सांगता कार्यालयात गेलो. वाटेत तीनदा परत फिरलो. आपल्याच हातानं आपलंच घर उसवायला निघाल्यासारखं वाटत होतं. बाईंसमोर बसलो, खुर्ची बुटकी, गुडघे हनुवटीला लागले.

म्हटलं, "ते गुरुवारचं मी लिहिलेलं होतं."

"माहीत आहे, आजोबा," बाई म्हणाल्या. "आठ वर्षांची मुलगी नांदत नसते. खेळत असते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही याल का, ते बघत होते. आला नसतात तर अहवालात लिहावं लागलं असतं की मुलीला पढवलंय. शुक्रवारी अहवाल जातो."

मी म्हटलं, तिचं पुन्हा ऐका. त्यांनी मान हलवली आणि बजावलं, की ती जे सांगेल ते तुम्हाला आवडेलच असं नाही. आणि नुसत्या तिच्या सांगण्यावर सगळं ठरतं असंही नाही, मुलाच्या डोक्यावर तेवढं ओझं द्यायचं नसतं. साधारण रीत अशी, की मूल जिथं राहत होतं तिथं परत जातं, आणि पुढचं आईबापांचं तिथलं न्यायालय बघतं. आईला सोबत जाता येतं, तिची वेगळी राहण्याची सोय आधी मागून घेता येते. जावई तसं लिहून द्यायला तयार आहे. तीन आठवड्यांपूर्वीच त्यानं कळवलं होतं, आमच्या वकिलानं ते पत्र लेकीला पाठवलं आहे.

"लेक ते पत्र उघडत नसेल," मी म्हटलं.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हसल्या. हे हसणं जिंकल्याचं की कसलं, मी अजून ठरवू शकलो नाही. एकदम सगळ्यांवर विश्वास टाकायची मला सवय नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

लेकीला परवाच सांगितलं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं नाही, टाकलं.

"माझ्या विरुद्ध गेलात. माझे वडील असून!"

"तुझा बाप आहे म्हणूनच..."

"नका बोलू."

दोन दिवसांपासून बोलत नाही. माझा चहा स्टुलावर आणून ठेवते आणि जाते. त्यात साखर बरोबर असते. एवढ्यावरच धीर धरून आहे. ही संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसली, वकिलाचं पत्र दोघींनी मिळून उघडलं. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज बाकावर बसलो नाही. भिंगरीला दारात सोडलं आणि रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिलो. पाठ करून घेतलेलं काही नव्हतं, कागद नव्हता. जाताना तिनं विचारलं होतं, "काय म्हणू?" मी म्हटलं, "मला नाही माहीत." माझ्याकडे तिनं असं पाहिलं, जणू आजोबांना काहीतरी झालंय.

एक तास दहा मिनिटं. एवढं काय बोलत असेल आठ वर्षांचं पोर! दोनदा रस्ता ओलांडायला पाय उचलला. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "काका, कुणावर पाळत ठेवताय?" त्याला म्हटलं, "स्वतःवर."

बाहेर आली तेव्हा हाताला हिरवा रंग लागला होता. वाटेत मी बोललो नाही. कोपऱ्यावर तिनंच विचारलं, "तुम्ही विचारत नाही आज?"

"नाही."

"का?"

"तुझं आहे ते."

यावर ती बरंच अंतर एका पायावर उड्या मारत चालली.

शुक्रवार, १४ मार्च

न्यायालयात निकाल लागला, किंवा जुळलं म्हणायचं. लेकीनं आणि जावयानं दोघांनी सही केली. शाळेचं वर्ष संपलं की दोघी परत. लेकीला वेगळं घर, भिंगरीच्या शाळेजवळ, आणि तिथली भाषा शिकायचे वर्ग. पुढचं तिथलं न्यायालय. तोवर भिंगरी पप्पांशी रोज फोनवर बोलणार.

बाईंच्या अहवालात भिंगरीचं म्हणणं होतं, तिच्याच शब्दांत. सगळं आम्हाला वाचून दाखवलं नाही, तिनं परवानगी दिली तेवढंच. आईला सोडून जायचं नाही. पप्पांना भेटायचं आहे. आणि आमच्या घराबद्दल एक वाक्य:

"आजोबांकडे मला आवडतं, पण तिथं सगळे माझ्याकडे बघत असतात, मी कुणाकडे बघते ते बघायला."

न्यायाधीशांनी ते वाचलं आणि वर पाहिलं नाही. मीच मान खाली घातली होती. लेकीनं माझा हात धरला. किती दिवसांनी.

शनिवार, १५ मार्च

आज पहिला फोन. लेकीनंच लावून दिला, भिंगरीच्या हातात ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून आली. मी आणि ही तिथंच होतो. तिघं काहीतरी चिरत बसलो, कोण काय चिरत होतं कुणाला माहीत.

आधी बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं लागला नाही फोन. मग एकदम सुरू झाली. त्या तिकडच्या भाषेत. भराभर, श्वास न घेता, मधेच खिदळत, मधेच ओरडून काहीतरी नाही म्हणत, पुन्हा खिदळत. लेक मागे म्हणाली होती की भिंगरी ती भाषा आता विसरली. सहा महिने या घरात त्यातला एक शब्द काढला नव्हता तिनं. मला वाटायचं, समजूतदार झाली, म्हणून कमी बोलते.

ही माझ्याकडे वळली. "काय बोलतेय हो एवढं?"

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "लेकीला विचार."

लेक सुरी हातात धरून ऐकत होती. तिला सगळं कळत नसावं, काही काही कळत असावं, कारण एका ठिकाणी ती हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

आम्ही तिला विचारलं नाही.